बत्तिसाव्या किलोमीटरचं आधीच ठरवून ठेवा

लाँग डिस्टन्स रनिंगसाठी मनाची तयारी करा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय हे फार कमी जण सांगतात. पायांसाठी इंटरव्हल (जोरात-हळू असे तुकडे पाडून धावणं) आहेत, चढ आहेत, स्ट्रेंथ आहे, खाण्याचा वेगळा प्लॅन आहे, आणि मनासाठी मात्र "पॉझिटिव्ह राहा" आणि "फुल मॅरेथॉन सगळी डोक्यात असते" एवढंच. असेल डोक्यात, पण मग त्यासाठी मंगळवारी सकाळी साडेपाचला उठून मी कोणता व्यायाम करायचा? ठाण्यात इतकी वर्षं धावून आणि मुंबईची फुल करून माझं आता ठाम मत झालंय की डोळे मिटून फिनिश लाइन बघणं, गळ्यात मेडल पडलंय असं बघणं हे छान वाटतं पण रस्त्यावर फारसं कामाला येत नाही. कामाला येतं ते वाईट वेळ आधी बघून ठेवणं. ती येणारच असते, साधारण कुठे येणार तेही माहीत असतं, मग तेव्हा काय करायचं ते घरी शांत डोक्याने ठरवून ठेवायचं, कारण बत्तिसाव्या किलोमीटरला ठरवायला घेतलं तर उत्तर एकच येतं, थांब.

हे उत्तर का येतं ते आधी समजून घेतलेलं बरं, मला तरी ते समजल्यावर खूप धीर आला. शरीरात साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायू आणि लिव्हर मिळून ढोबळमानाने २००० कॅलरींच्या आसपास असतो. धावताना साधारण हिशोब असा की एका किलोमीटरला आपलं वजन जितके किलो तितक्या कॅलरी जातात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला फुल मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमी साठी अडीच हजाराच्या वर लागतात. सगळं साखरेवर चालत नाही, फॅट पण जळते, पण वेग वाढवला की साखर जास्त जाते आणि ३०-३५ किमी च्या मधे कुठेतरी टाकी तळाला लागते, त्यालाच सगळे वॉल म्हणतात. आता मेंदूपण मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. त्यामुळे त्या टप्प्यावर जे विचार येतात ना, की कशाला हे सगळं, घरी सगळे झोपलेत आणि मी इथे उन्हात काय करतेय, आपल्याच्याने होणार नाही, ते विचार मी आता माझं मत म्हणून धरतच नाही. ते लक्षण आहे. पोटरी दुखते तसंच लक्षण.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी ग्रुपमधल्या प्रत्येक नवीन मुलीला सांगते. तिसाच्या पुढे सोडून द्यावंसं वाटलं की आधी काहीतरी गोड तोंडात टाकायचं, जेल (धावताना खायची गोड, घट्ट पेस्ट, छोट्या पाकिटात मिळते) असेल तर जेल, खजूर असेल तर खजूर, माहीमच्या बाजूला लोक हातावर ठेवतात ती संत्र्याची फोड असेल तर ती, आणि मग दहा मिनिटं काहीही ठरवायचं नाही. दहा मिनिटांनी परत विचार करायचा. बहुतेक वेळा दहा मिनिटांनी प्रश्नच उरलेला नसतो. यामागे गंमत बघा, २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना कार्बोहायड्रेटचं पाणी नुसतं तोंडात खळखळवून थुंकून टाकायला सांगितलं, गिळायचंच नाही, आणि साधारण तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, ते जवळजवळ ३ टक्के लवकर पोचले. पोटात काही गेलंच नाही, पण तोंडाने मेंदूला कळवलं की येतंय, आणि मेंदूने हात सैल सोडला. हे वाचल्यापासून मला शेवटच्या टप्प्यात जेल गिळवत नसलं तरी मी ते तोंडात तरी धरते.

डोकं किती जागेवर आहे हे तपासायला मी पाढे म्हणते. हे मला आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी शिकवलं, रेल्वेतून रिटायर झालेत, वय सत्तरीकडे आणि अजून हाफ मॅरेथॉन धावतात. सतराचा पाढा घ्यायचा, पावलांच्या तालावर, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, आणि कुठे अडखळतोय ते बघायचं. लहानपणी घोकलेलं असतं त्यामुळे फ्रेश असताना न थांबता येतं. अडुसष्टच्या पुढे जाताना धुकं पडलं तर समजायचं साखर हवी आहे किंवा वेग कमी करायला हवाय. दुसरा फायदा असा की पाढा म्हणत असताना मन दुसरीकडे जात नाही. पॉला रॅडक्लिफ, जिने २००३ मध्ये लंडनला २:१५:२५ चा विश्वविक्रम केला, तीपण मोजायची, शंभरपर्यंत तीन वेळा मोजलं की साधारण एक मैल होतो असा तिचा हिशोब होता. एवढ्या मोठ्या धावपटूला शेवटी आकडेच धरून राहावे लागतात याचं मला फार बरं वाटलं होतं.

आता अंतराचं. ४२ हा आकडा डोक्यात घेऊन धावायचं नाही. माझ्या सासूबाईंनी आळंदी-पंढरपूर पायी केलंय, त्यांना एकूण किलोमीटर किती विचारलं तर सांगता येत नाहीत, पण मुक्काम विचारा, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते असे धडाधड सांगतात, कुठे झाडं होती, कुठे पिठलं-भाकरी मिळाली, दिवे घाटात पाय कसे बोलत होते ते पण सांगतात. वारीत कुणी पंढरपूरचं अंतर मोजत चालत नाही, आजचा मुक्काम गाठायचा. मॅरेथॉनसाठी मनाची याहून चांगली पद्धत मला अजून कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

मी मुंबईचा रूट असाच मुक्काम पाडून पाठ केला होता. (रूटमध्ये मधूनमधून बदल होतात, मी धावले तेव्हाचा सांगतेय, तुम्ही तुमच्या वर्षाचा नकाशा घेऊन बसा.) सीएसएमटीहून पहाटे अंधारात सुटायचं, मरीन ड्राइव्हवर पाय मोकळे असतात आणि गर्दी सगळी सुसाट निघालेली असते, तिथला मुक्काम म्हणजे स्वतःला धरून ठेवणं, दुसरं काहीच काम नाही. मग चौपाटी, केम्प्स कॉर्नर, पेडर रोडचा पहिला चढ, तो थंड हवेत कळतच नाही आणि तिथेच मी स्वतःला सांगायचे की बघून ठेव, हाच येताना भेटणार आहे. हाजी अली, वरळी, मग सी लिंक. सी लिंक दिसायला सुंदर आहे पण मनासाठी अवघड, कारण तिथे बघायला उभं राहणारं कुणी नसतं, फक्त वारा, केबल्स आणि आपल्यासारख्याच शेकडो पायांचा आवाज, आणि ज्यांनी सगळा सराव गप्पा मारत ग्रुपमध्ये केलाय त्यांना तिथे अचानक एकटं वाटतं. मग वांद्रे उतरून माहीम, आणि तिथे मुंबई काय असते ते दिसतं, लहान पोरं पाण्याच्या बाटल्या धरून उभी, आज्या गॅलरीतून टाळ्या वाजवतायत, कुणी ढोल आणलाय, बिस्किटं, केळी, मीठ लावलेली संत्री. इथे हसायचं, मुद्दाम हसायचं. आपण हसलो की समोरचा अजून जोरात ओरडतो आणि खांदे आपोआप खाली येतात. पण या आनंदात वेग वाढतो, तो वाढू द्यायचा नाही, कारण खरं काम पुढे आहे.

पुढचं काम म्हणजे ऊन. जानेवारीत मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला होतो, पहाटे पाचला सुटलेला साडेपाच तासांचा रनर शेवटचे तीन तास उजेडात आणि त्यातले दोन तरी चांगल्या उन्हात धावतो, वर समुद्राची दमट हवा, घाम वाळत नाही. हे माहीत असूनही आपण सगळा सराव पहाटे पाच ते साडेसात करतो आणि मग म्हणतो ऊन लागलं. मी त्या सीझनला काही लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू केले, म्हणजे शेवटचे सात-आठ किमी नऊच्या उन्हात पडतील असे, येऊरचा चढ शेवटी ठेवून. शरीर उन्हाला सवय करून घेतं ते आहेच, पण माझ्यासाठी त्यातून मिळालेली मोठी गोष्ट वेगळीच होती, परतीच्या पेडर रोडला, ३५ किमी होऊन गेल्यावर, डोक्यावर ऊन आणि समोर चढ असं दिसलं तेव्हा मनात आलं, अरे हे ओळखीचं आहे. घाबरायला होतं ते मुख्यतः अनोळखी गोष्टीला. ओळखीचा त्रास त्रासच असतो पण त्याला आपण ये म्हणू शकतो.

तर मनाचा व्यायाम तो हाच, आणि तो वेगळा वेळ काढून करायचा नसतो, लाँग रनमध्येच घालायचा असतो. आमच्या ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला, म्हणजे तळ्याभोवती, फेऱ्या मारायच्या, इअरफोन न लावता, एकट्याने, आणि रूट असा आखायचा की आपल्या सोसायटीच्या गेटवरून परत परत जावं लागेल. गेट दिसतं, वॉचमन हात करतो, वर गॅस चालू झालेला असणार, चहा होत असणार, आणि आपण गेटच्या पुढे जातो. हे प्रत्येक वेळी पुढे जाणं म्हणजे जिममध्ये वजन एकेकदा उचलल्यासारखं आहे, पण मनाचं. कंटाळा सहन करणं हे मॅरेथॉनचं अर्धं कौशल्य आहे असं मला वाटतं आणि संगीत लावून आपण नेमका तोच सराव चुकवतो. मला गाणी आवडतात, सोप्या रनला मी लावतेसुद्धा, पण महत्त्वाच्या लाँग रनला नाही. १९७७ मध्ये मॉर्गन आणि पोलॉक या दोघा संशोधकांनी अव्वल मॅरेथॉनर्सशी बोलून लिहिलं होतं की ते मन दुसरीकडे नेत नाहीत, उलट श्वास, पाय, वेग यांच्याकडे लक्ष ठेवून असतात. तेव्हा समजूत उलटी होती, की दुखणं विसरायला मन रमवावं लागतं.

स्वतःशी काय बोलायचं हेही आधी ठरवून ठेवायचं. २०१४ मध्ये सॅम्युएल मार्कोरा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जणांवर प्रयोग केला, सायकलवर दमून थांबेपर्यंत चालवायचं, दोन आठवड्यांनी परत. मधल्या काळात निम्म्या लोकांना स्वतःशी बोलायची वाक्यं निवडून त्यांचा सराव करायला लावला, बाकीच्यांना काही नाही. वाक्यं वापरणारे दुसऱ्या वेळी सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले आणि तेवढीच मेहनत त्यांना कमी वाटली. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की वाक्यं त्यांची स्वतःची होती आणि सुरुवातीची वेगळी, शेवटच्या टप्प्याची वेगळी होती. उधारीचं इंग्रजी कोट तिथे चालत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी. माझी वाक्यं अगदी साधी आहेत. पहिल्या निम्म्यात, "हळू गं, पुढे लागणार आहे." शेवटी, "खांदे सोड. पुढचा सिग्नल." मी स्वतःला तू म्हणते, अगं म्हणते, जशी माझी मोठी बहीण बोलेल तशी, मी-मी करत बोललं की रडू जवळ येतं, अगं म्हटलं की कुणीतरी बरोबर आहे असं वाटतं.

मग "असं झालं तर तसं". हे मी खरंच वहीत लिहिते. बुटाची लेस सुटली तर रस्त्याच्या कडेला जाऊन शांतपणे बांधायची, गेलेली मिनिटं भरून काढायला पळायचं नाही. घड्याळाचं जीपीएस उंच बिल्डिंगांमधे वेडंवाकडं दाखवायला लागलं तर बोर्डावरचे किलोमीटर धरायचे. पोट बिघडलं तर पुढचं टॉयलेट कुठे आहे ते आधीच माहीत पाहिजे. जोडीदार पुढे निघून गेली तर जाऊ द्यायचं. पोहणारा मायकल फेल्प्स, २००८ बीजिंग, २०० मीटर बटरफ्लाय, गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि त्याला शेवटी भिंत दिसेना, तर त्याने हाताचे स्ट्रोक मोजून रेस संपवली, गोल्ड आणि विश्वविक्रम. तो वाईट प्रसंगांचीही मनात उजळणी करायचा, त्यामुळे त्याला तिथे नवीन काही शोधावं लागलं नाही.

टार्गेटही तीन ठेवायचे, सगळं जमून आलं तर एक, साधा दिवस असेल तर दुसरं, आणि वाईट दिवस असेल तर तिसरं, आणि तिसरंसुद्धा मनापासून हवंसं वाटेल असं असायला हवं. एकच टार्गेट असलं की २५ किमी ला ते हातातून गेलं की पुढचे १७ किमी धावायला कारणच उरत नाही. आमच्या ग्रुपमधून काही जण दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्सला जातात, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गमधली रेस, १९२१ पासूनची, ९० किमी च्या आसपास आणि वेळ १२ तास, बारावा तास संपला की बंदूक वाजते आणि ती वाजवणारा माणूस फिनिश लाइनकडे पाठ करून उभा असतो, कोण दोन पावलांवर राहिलं ते त्याला दिसू नये म्हणून. त्या रेसची तयारी करणाऱ्यांकडून मी शिकले की कट-ऑफचे, म्हणजे कुठपर्यंत किती वाजेस्तोवर पोचलंच पाहिजे त्याचे, आकडे भीती म्हणून पाठ करायचे नाहीत, मुक्काम म्हणून करायचे. काका म्हणतात, "घड्याळ बघायचं, पण त्याच्याशी वाद घालायचा नाही."

शेवटच्या आठवड्याबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे कारण ऑफिसला जाणारे आपण सगळे इथे मार खातो. मार्कोरांचाच अजून एक प्रयोग आहे, २००९ चा, १६ जणांना एकदा ९० मिनिटं कॉम्प्युटरवर सतत लक्ष द्यावं लागेल असं किचकट काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ डॉक्युमेंटरी दाखवली, आणि दोन्ही वेळा नंतर सायकलवर दमेपर्यंत चालवायला लावलं. डोकं दमलेलं असताना ते सरासरी ६४० सेकंद टिकले, नसताना ७५४. हृदय, स्नायू यांत त्या फरकाचं कारण दिसलं नाही, फक्त तीच मेहनत त्यांना जास्त वाटत होती. म्हणजे टेपरमध्ये, रेसच्या आधी सराव कमी करतो त्या दिवसांत, पाय आराम करतायत आणि डोकं मात्र महिनाअखेरचे रिपोर्ट, मुलांच्या परीक्षा, पाहुण्यांची जेवणं यात पिळून निघतंय तर अर्धाच आराम झाला. मी त्या आठवड्यात घरी सरळ सांगते की मोठे निर्णय माझ्याकडे आणू नका. नवरा आणि मुलगी ते पाळतात आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला वांद्र्याच्या बीकेसीला जायचं ते पहिल्याच दिवशी, शनिवारी दिवसभर तिथे उभं राहायचं नाही. आणि रेसच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, लागणार नाहीच, त्याची काळजी करत पडून राहू नका, त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री नीट झोपलात तर निभावतं.

थांबायचं कधी हेसुद्धा याच तयारीत येतं, आणि मला वाटतं हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. मनाला दामटायचं ते दमण्यावर, कंटाळ्यावर, सगळीकडून येणाऱ्या साधारण दुखण्यावर. छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, बोलणं अडखळणं, आपण कुठे आहोत ते न कळणं, किंवा एकाच ठिकाणी टोचणारं दुखणं ज्याने पाऊल वाकडं पडतंय, यावर मनाची ताकद वापरायची नाही, जवळच्या मेडिकल पॉइंटला थांबायचं. ही यादी मी घरी लिहून ठेवते आणि बरोबर धावणाऱ्या मैत्रिणीला पाठवते, कारण गोंधळलेल्या डोक्याला आपण गोंधळलोय हे कळत नाही, तिला कळेल. आम्ही एकमेकींना तसा शब्द दिलाय, तिने थांब म्हटलं की मी वाद घालणार नाही. आणि साधं पाणी भीतीपोटी ढोसत राहू नका, प्रमाणाबाहेर पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यातही असाच गोंधळ होतो.

रेसनंतरचं पण थोडं. मेडल मिळालं, फोटो टाकले, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि बुधवार-गुरुवारपासून एक रिकामपण येतं, सकाळी उठायला कारण नसतं, चिडचिड होते, विनाकारण डोळे भरून येतात. खूप जणींना वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. चार-पाच महिने ज्या एका तारखेभोवती घर फिरत होतं ती तारीख गेली, मग असं होणारच. त्याचीही जागा मी आता आधीच करून ठेवते, पुढचे दोन आठवडे कुठल्याही रेसचं रजिस्ट्रेशन करायचं नाही, घड्याळ ड्रॉवरमध्ये, आणि सकाळी त्याच वेळी उठून नवऱ्याबरोबर उपवनला नुसतं चालायला जायचं.